दाबा, थांबा, मग बोला

ह्यांची वाचा गेली ती एका सकाळी चहा पिताना. कप हातातून सुटला, फुटला. मी "भाजलं का?" म्हणून विचारलं, तर ह्यांनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं आणि त्यातून नुसता ओढलेला आवाज आला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. नेकनूरहून बीड, बीडहून संभाजीनगर अशी आमची धावपळ झाली. जीव वाचला. पुढे पाय उचलायला लागला, हातही जरा जरा हलू लागला. बोलणं मात्र परत येईना.

डॉक्टर म्हणाले, यांना ऐकलेलं सगळं कळतंय, काय म्हणायचं तेही मनात तयार आहे, फक्त शब्द सापडत नाहीत. ते मला दिसतच होतं. 'पाणी' म्हणायचं असलं की ओठ जुळत, कपाळावर आठ्या चढत आणि बाहेर पडे 'पेटी'. चुकलं हे त्यांचं त्यांनाच आधी कळे. मग ते मान वळवून खिडकीकडे बघत बसत. लग्न झाल्यापासून मला 'अगं' अशी हाक मारत आले होते. तेवढी दोन अक्षरंही जुळेनात.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला समजावलं की जे पाठ असतं, जे विचार न करता तोंडातून येतं, ते कधी कधी अशा आजारातही शाबूत राहतं. "पाढे म्हणून बघा, आरती म्हणून बघा," त्या म्हणाल्या. पाढे अडखळले. आरतीचं आणि ह्यांचं कधी जमलंच नव्हतं. पण एकदा सुई टोचल्यावर, जन्मात कुणाला वावगा शब्द न बोललेल्या या माणसाच्या तोंडून अशी काही खणखणीत शिवी निघाली की नर्सच्या हातातला ट्रे हलला. मी लाजेने पदर तोंडाला लावला. बाई मात्र खूश. "आतमध्ये आहे सगळं," म्हणाल्या.

तेव्हा मला रेडिओ आठवायला हवा होता, असं आता वाटतं. पण दवाखान्यात माणसाला घरचं काही आठवत नाही.

हे टेलिफोन खात्यात होते. वडवणी, गेवराई, चकलांबा अशा ठिकाणच्या एक्स्चेंजवर बदल्या होत राहिल्या, आणि नोकरी लागल्यानंतर थोड्याच वर्षांत ह्यांनी हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला. परीक्षा देऊन मिळणारा परवाना. त्याबरोबर प्रत्येकाला आपापला संकेत मिळतो, अक्षरांचा आणि आकड्यांचा. तेच त्या जगातलं तुमचं नाव. आपल्या देशातले बरेचसे संकेत 'व्हिक्टर युनिफॉर्म'ने, म्हणजे व्ही आणि यू या अक्षरांनी, सुरू होतात, पुढची अक्षरं ज्याची त्याची. जिथे बदली झाली तिथे ह्यांनी घराच्या गच्चीवर बांबू उभे केले, तारा ताणल्या आणि सुट्टीच्या दिवशी कान लावून बसले. आवाज आभाळावर आपटून हजारो मैलांवर जातो, हे मी ह्यांच्याकडूनच शिकले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. चौथीच्या पोरांना ते सांगितलं तर ती वर आभाळाकडे बघत बसली.

नेकनूरला आम्ही कायमचं घर बांधलं तोवर ते आभाळ खराब झालं होतं. म्हणजे आभाळ तेच, पण आजूबाजूला घरोघरी इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे, मोबाईलचे चार्जर. या सगळ्यांचा मिळून रेडिओत असा खर्रर्र आवाज भरायचा की लांबचा माणूस त्यात बुडून जायचा. ह्यांनी आवाज गाळणारे फिल्टर लावले, तारांची दिशा बदलली, शेजाऱ्याला स्वतःच्या खर्चाने दुसरे दिवे आणून दिले. उपयोग झाला नाही.

वडवणीला ह्यांचे एक मित्र आहेत, सोलर पंप बसवायचा त्यांचा धंदा. त्यांचाही परवाना आहे. बालाघाटाच्या एका टेकाडावर त्यांचं रान, आणि रानात सगळ्यात उंच जागी पाण्याची टाकी. त्यांनी रीतसर परवानगी काढून त्या टाकीवर रिपीटर बसवला. लहान वॉकीटॉकीचा आवाज पकडून तो पुन्हा जोरात सोडणारं ते यंत्र. वर त्याला इंटरनेट जोडलं. आता नेकनूरच्या ओसरीवरून बोललेलं टाकीवर जाई, तिथून इंटरनेटवर, आणि जगात कुठल्यातरी दुसऱ्या टेकडीवरच्या तशाच रिपीटरमधून तिथल्या रेडिओवर ऐकू येई. खर्रर्र नाही, काही नाही. अगदी शेजारी बसल्यासारखं.

ह्यांना ते आधी मुळीच पटलं नाही. "मधे इंटरनेट आलं की तो रेडिओ नाही राहत. तो फोन झाला," म्हणायचे.

मित्र म्हणायचे, "फोनवर नंबर लावून एकाला बोलतोस तू. हितं कोण भेटंल ते म्हाईत असतंय का? मंग रेडिओच न्हाई का हा?"

वाद बरेच दिवस चालला. मग मित्रांनी एक वॉकीटॉकी आणून ओसरीवर ठेवून दिली आणि गेले. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर हे त्यावर ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टास्मानिया बेटावरच्या एका म्हाताऱ्याशी सफरचंदांविषयी बोलत होते.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. सकाळी नवाच्या सुमारास, तिकडे दुपार असताना, त्या जोडणीवर पाच-सात जण जमत. कुणी केरळचा, कुणी स्कॉटलंडमधला पहाटे उठणारा, आणि हा टास्मानियाचा बागवाला, ज्याला मी घरात आजोबा म्हणत असे. बोलणं इंग्रजीत चाले. ओसरीवर शेंगा निवडताना मी ऐकत असे. पण बोलायचं मात्र नाही. परवाना नसलेल्याने माइकवर बोलायचं नाही हा नियम, आणि नियमाच्या बाबतीत हे फार कडक. एकदा आजोबांनी "वहिनींना नमस्कार सांगा" म्हटलं, तेव्हा मी हात पुढे केला, तर ह्यांनी वॉकीटॉकी छातीशी धरली. "मी सांगतो ना," म्हणाले.

दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी वॉकीटॉकीकडे बघितलं आणि डाव्या हाताने ती उलटी ठेवली, तोंड भिंतीकडे करून. मी तिला हात लावला नाही. लेक पुण्याहून आली होती, तिलाही वाटलं, बाबांना त्रास नको. रोज बाईंनी दिलेली चित्रं घेऊन आम्ही बसत होतो. हा चमचा, हे झाड, ही गाय. गाईच्या चित्रावर हे 'खिडकी' म्हणाले आणि चित्रांचा गठ्ठा ढकलून दिला. त्यानंतर बरेच दिवस ह्यांनी तोंडच उघडलं नाही.

मग एक दिवस वडवणीचे मित्र आले. बसले, चहा घेतला, पिकापाण्याचं बोलले. ह्यांच्याकडून काहीच येत नाही म्हटल्यावर त्यांचाही धीर सुटल्यासारखा झाला. ते उठले, भिंतीकडे वळवलेली वॉकीटॉकी उचलली आणि चालू केली.

"भाऊजी, नका," मी म्हटलं.

"वहिनी, त्याला बोलायला कोण सांगतंय? नुसतं ऐकू द्या. काय बे, ऐकायला तर जमतंय ना तुला?"

जोडणीवर नेहमीची मंडळी होती. आजोबांचा आवाज ओसरीवर घुमला. तिकडे थंडी पडली होती, कुत्र्याला संधिवात झाला होता. हे मान खाली घालून ऐकत होते. मग ज्याचं त्याचं बोलून झालं आणि आजोबांनी रोजच्यासारखं विचारलं, आणखी कुणी आहे का?

ह्यांनी डावा हात लांब करून मित्रांच्या हातातून वॉकीटॉकी घेतली. बटण दाबलं. थोडं थांबले. आणि बोलले, "व्हिक्टर युनिफॉर्म..." आणि पुढची सगळी अक्षरं, एकामागून एक, न अडखळता, स्वतःचा पूर्ण संकेत.

माझ्या हातातली बशी खाली पडली नाही एवढंच. मित्र तर होते तिथेच खिळले. आणि ह्यांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू तिसऱ्याच कुणीतरी बोललं होतं.

तिकडून आजोबांचा आवाज आला. किती दिवसांनी! कुठे होतात? कसे आहात?

ह्यांनी पुन्हा बटण दाबलं. आणि आता काही येईना. कसे आहात याचं उत्तर काही पाठ नव्हतं. ओठ हलत होते, मानेची शीर फुगली होती, अंगठा बटणावरून निघत नव्हता. मित्र पुढे झाले, त्यांना परवाना होता, ते सांगू शकले असते. ह्यांनी कोपराने त्यांना अडवलं. असं बटण दाबून गप्प राहणं त्या जगात वाईट समजतात, कारण तेवढा वेळ बाकी कुणालाच बोलता येत नाही. मला भीती वाटली की आता कुणीतरी चिडणार. शेवटी अंगठा सुटला.

मग आजोबा अगदी सावकाश म्हणाले, "पंखा ऐकू आला. कोंबडीही ऐकू आली. म्हणजे तुम्ही आहात. आम्हाला घाई नाही. सावकाश होऊ द्या."

ह्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पंखा, पुन्हा कोंबडी. पलीकडून कुणी मधे आलं नाही, ना केरळचा, ना स्कॉटलंडचा. सगळे थांबले होते. तिसऱ्यांदा दाबल्यावर ह्यांच्या तोंडून निघालं, "सेव्हन्टी थ्री." हौशी रेडिओवाले निरोप घेताना हा आकडा म्हणतात, शुभेच्छा म्हणून. एकेकाने तो परत म्हटला. हे रडत होते, पण रडताना चेहरा मोकळा होता.

त्यानंतर आमच्या घरात एक वेगळीच भाषा सुरू झाली. रेडिओवर इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेले शब्द ह्यांना येत होते. चहा देऊ का म्हटलं की "रॉजर", म्हणजे हो. आंघोळीचं पाणी काढू का, "निगेटिव्ह". शब्द शोधत असले आणि मी मधे बोलले की "क्यूआरएक्स", म्हणजे थांबा. दूधवाल्याला एकदा "रॉजर" म्हणाले, तो बिचारा मला विचारत होता, साहेबांनी कुणाचं नाव घेतलं म्हणून.

रोज सकाळी हे जोडणीवर जायला लागले. संकेत, गप्पपणा, निरोप. इंटरनेटवरून आवाज पोचायला जरा वेळ लागतो, मधली सगळी यंत्रं जागी व्हावी लागतात, म्हणून तिथे सगळ्यांनाच बटण दाबून थोडं थांबायची सवय असते. त्यामुळे ह्यांचं थांबणं तिथे फारसं वेगळं वाटत नसावं. घरात आलेले पाहुणे मात्र ह्यांच्या थांबण्याने अस्वस्थ व्हायचे. भराभर शब्द पुरवायचे, "पाणी पाहिजे का? पंखा लावू का? टीव्ही?" आणि हे ओठ मिटून घ्यायचे.

मला आजोबांना खूप काही सांगायचं होतं. ह्यांना काय झालंय, काय औषधं चालू आहेत, तुमच्यामुळे काय झालं. एकदा न राहवून मी वॉकीटॉकीकडे हात नेला. ह्यांनी ती लगेच बाजूला घेतली. "निगेटिव्ह," म्हणाले. वाचा गेली होती, नियम गेला नव्हता.

मला राग आला आणि हसूही आलं. मी वडवणीला फोन लावला. "भाऊजी, ती परीक्षा बायकांना देता येते का?"

"कावून न्हाई येणार?" ते म्हणाले. "फक्त अभ्यास लई हाय वहिनी. आन् तुमचा मास्तर आता मुका हाय."

मुका मास्तर चांगला निघाला. मी जन्मभर भाषा आणि परिसर अभ्यास शिकवलेली बाई. मला विद्युतधारा म्हणजे बिल भरायचं एवढंच ठाऊक. हे डाव्या हाताने पाटीवर वेडीवाकडी चित्रं काढायचे. टाकी, पाइप, तोटी. टाकी किती उंच, तो दाब. पाइप किती बारीक, तो विरोध. मी बरोबर सांगितलं की "रॉजर", चुकलं की "निगेटिव्ह", आणि फारच चुकलं की दवाखान्यातली ती शिवी. मग दोघंही हसायचो. शिकवताना ह्यांना शब्द लागायचे. त्यांच्या मागे लागता लागता एखादा हाती यायचा. एकदा माझ्या चुकीच्या आकृतीवर बोट आपटून म्हणाले, "उलटं." अगदी स्पष्ट. त्यांचं त्यांनाही कळलं नाही की हा रेडिओचा शब्द नव्हता.

परीक्षेला लांबच्या शहरात जावं लागलं. लेक सोबत आली. वर्गात सगळी इंजिनिअरिंगची पोरं. एकीने मला विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कुठल्या बाकावर आहे?" मी म्हटलं, "मीच बसणार आहे." तिने उठून मला पंख्याखालची जागा दिली.

पास झाले. परवान्याआधी पोलिसांची चौकशी असते, त्यासाठी एक हवालदार घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी घर नीट न्याहाळलं.

"बाई, तुमी मास्तरीण व्हता ना? मंग आता वायरलेस कावून पाहिजे तुमाला?"

मी ह्यांच्याकडे बोट केलं. सगळं सांगितलं, चहाच्या कपापासून. हवालदार ऐकत राहिले. मग हळूच ह्यांना म्हणाले, "माज्या बापाला बी असंच झालतं साहेब. आमी त्येला बोलूच दिलं न्हाई. आमीच बोलायचो सगळं." त्यांनी चहा संपवला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

बऱ्याच वाट बघण्यानंतर परवाना आला. माझा स्वतःचा संकेत. दुसऱ्या सकाळी हे माझ्या आधी ओसरीवर जाऊन बसले होते. वॉकीटॉकी ह्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं आणि घाईघाईत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं.

"कुणीतरी नवीन बाई आहेत," आजोबा म्हणाले, "पण अर्धा संकेत समुद्रात पडला."

ह्यांना हसू फुटलं. माझा हात धरून त्यांनी अंगठा बटणावर दाबला, दुसऱ्या हाताचा तळवा समोर धरून मला थांबवलं आणि मग बोटाने खूण केली, आता बोल. मी बोलले. माझं इंग्रजी शाळेतलं, पण त्यांना समजलं. ह्यांचं दुखणं मी सांगितलं, आणि मग मनात कधीचं घोळत होतं ते विचारलं. "पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी थांबायचं, हे तुम्हाला कसं कळलं?"

आजोबांनीही बटण दाबून वेळ घेतला. त्यांच्याकडचा वारा ऐकू येत होता.

"माझ्या बायकोला हेच झालं होतं," ते म्हणाले. "शेवटची काही वर्षं. तिचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलं की ती चमचा फेकून मारायची. माझ्या घरात चमचे फार वाकडे आहेत."

ह्यांनी मान हलवली, जोरजोरात. मी वॉकीटॉकी त्यांच्यापुढे धरली. ह्यांनी बटण दाबलं, आणि आम्ही सगळे, नेकनूरपासून टास्मानियापर्यंत, थांबलो. बराच वेळ गेला. रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेल्या माणसांचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाजही तिकडे पोचला असणार.

"बरोबर," हे म्हणाले. मराठीत. मग पुन्हा, "बरोबर करायची."

आजोबांना मराठी काय कळणार. मी अर्थ सांगितला. ते इतके हसले की त्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्या दिवसापासून घरात मीही शब्द पुरवायचं सोडलं. सोपं नव्हतं. समोरचा माणूस मिठाकडे हात करून तोंड उघडून बसलेला असतो आणि 'मीठ' हा शब्द आपल्या जिभेवर असतो. पण थांबले की कधी कधी यायचा. आधी एकेक शब्द, मग दोन. इंग्रजीतले रेडिओचे शब्द मागे पडत गेले आणि मराठी पुढे आली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, कसे आहात?" तर म्हणाले, "बसलोय." मग ती म्हणाली, "आणखी काही बोला." हे म्हणाले, "तू... बोल." आणि आवर्जून फोन कानाशी धरून बसले.

मागच्या उन्हाळ्यात वादळी वाऱ्याने टाकीवरचा अँटेना वाकला आणि जोडणी बंद पडली. मित्र जीप घेऊन आले आणि आम्हाला दोघांनाही रानात घेऊन गेले. "तू खालून तपास, मी वर चढतो," ह्यांना म्हणाले. मी बाभळीच्या सावलीत सतरंजी टाकली. हे काठी टेकून, वॉकीटॉकी घेऊन थोडं लांब उभे राहिले.

मित्र टाकीवर पोचले. पान्याने काहीतरी आवळलं. वरून त्यांच्या वॉकीटॉकीतून आवाज आला, "ऐकू येतंय का?"

ह्यांनी बटण दाबलं. "येतंय."

"चांगलं येतंय का?"

"चांगलं."

मित्र शिडीच्या आणखी वरच्या पायरीवर गेले. एका हाताने अँटेनाची नळी धरून, दुसऱ्याने तार ताणत. वाऱ्याने त्यांचा शर्ट फुग्यासारखा भरला होता. मला बघवेना, मी खाली बघितलं. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, एकदा माझ्या बाजूने आणि एकदा वरच्या वॉकीटॉकीतून.

"खाली उतर आता. वारं लई सुटलंय. पडशील."

मित्र वर तसेच थांबले, तार हातात धरून. मग एकेक पायरी उतरत खाली आले, ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काम अर्धं ऱ्हायलंय."

"उद्या," हे म्हणाले.

आम्ही सतरंजीवर जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मित्र उगाच काही ना काही विचारत होते, हे एकेका शब्दाने उत्तर देत होते, आणि थोड्या वेळाने दमून गप्प झाले. मित्रांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी जीपमधून लोटा आणला, ह्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि ऊन जरा कलल्यावर आम्हाला नेकनूरला सोडलं.